परिचारिकेची शुश्रूषा कोणीं करावी ?

'शुश्रूषा' हा शब्द आपण नित्य वापरतों. परंतु त्याच्या मुळाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. संस्कृतांत 'श्रु' म्हणजे ऐकणें, आणि 'शुश्रूषा' म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचें वचन ऐकूं इच्छिणारा जो शिष्य, तो गुरूची सेवाहि करी. त्यावरून या शब्दास सेवेचा अर्थ आला, आणि मराठींत आज रुग्णाची सेवा एवढाच अर्थ बहुधा उरला आहे. व्याकरणाच्या तासास हा शब्द आम्हीं वर्गांत अनेकदां फोडून सांगितला आहे. परंतु त्याचा खरा अर्थ आम्हांस आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें शिकविला, आणि तोहि आमच्याच चुकीमुळें. ती चूक कबूल करावी, व तीवरून जे विचार सुचले ते आमच्या वाचकांपुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

३० जानेवारी २०२० रोजीं आपल्या देशांत कोरोनाचा पहिला रोगी केरळांत आढळला. ९ मार्च रोजीं पुण्यास ही व्याधि पोहोंचल्याचें कळलें; ११ मार्च रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें हिला महासाथ म्हटलें; आणि २५ मार्चपासून सारा देश दारें लावून घरांत बसला. जागतिक आणीबाणी संपली असें त्याच संघटनेनें जाहीर केलें, तो दिवस ५ मे २०२३ चा. या मधल्या काळाची आमच्या विद्यार्थ्यांची आठवण म्हणजे बंद शाळा, मोबाईलवरील वर्ग, आणि परीक्षेवांचून वर चढलेल्या इयत्ता. परंतु ज्यांस दार लावून घेण्याची मुभाच नव्हती असाहि एक वर्ग होता. वैद्य, सफाई कामगार, पोलीस, रुग्णवाहिकेचे चालक, हे सर्व त्यांत येतात. आज आम्ही त्यांपैकीं एकीविषयींच लिहिणार आहों. ती म्हणजे लहान दवाखान्यांतील परिचारिका.

मोठ्या रुग्णालयांतील परिचारिकेचे हाल जगानें थोडेबहुत पाहिले. सहा सहा, आठ आठ तास अंगावर तो बंद पोशाख. त्यांत घामानें निथळणें, तहान लागली तरी पाणी नाहीं, देहधर्मास जाण्याची सोय नाहीं. आणि पोशाख उतरल्यावर गालांवर मुखपट्टीचे वळ. ही चित्रें वर्तमानपत्रांत आलीं. परंतु तालुक्याच्या गांवचा दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र, खेड्यांतील उपकेंद्र, येथील परिचारिकेचें चित्र कोणीं काढलें ? रुग्णालयांत निदान तिच्यासारख्या दहाजणी आजूबाजूस असतात. दवाखान्यांत ती पुष्कळदां एकटीच असते. रोगी प्रथम येतो तो तिच्या दाराशीं. ताप तिनें पाहावा, बोटास ऑक्सिमीटर तिनें लावावा, नोंदवही तिनें भरावी, आणि 'तुम्हांस मोठ्या गांवीं जावें लागेल' हें कठीण वाक्यहि पुष्कळदां तिनेंच उच्चारावें. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झालें तेव्हां त्यांत आणखी भर पडली. कोविशील्डच्या एका कुपींत दहा मात्रा असत, आणि कुपी एकदां उघडली म्हणजे चार तासांच्या आंत ती संपवावी लागे. दाराशीं दीडशें माणसें, आंत शंभर मात्रा. मागें उभे राहिलेल्या पन्नासांचा राग कोणावर निघावा? सुईवालीवर. आणि या सर्वांबरोबर बाळंतपणें थांबलीं नव्हतीं, तान्ह्या मुलांचीं लसीकरणें थांबलीं नव्हतीं, विंचवानेंहि डंख मारणें सोडलें नव्हतें.

संध्याकाळीं ती घरीं गेली म्हणजे विश्रांति मिळे, असें कोणी समजूं नये. अंगणांतच स्नान करावें, कपडे कढत पाण्यांत टाकावे, आणि तान्हें मूल आजीपाशीं ठेवून त्यास खिडकींतून पाहावें, असा पुष्कळजणींचा क्रम होता. आपण रोग बरा करावयास जातों, पण तोच रोग आपल्या हातांनीं घरांत आणला तर ? हा एक प्रश्न त्यांच्या उशाशीं रात्रभर बसून राही.

समाजानें त्यांचा गौरव केला नाहीं असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. २२ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं पांच वाजतां लोकांनीं गच्चींत व दारांत उभे राहून थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजीं हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुलें उधळण्यांत आलीं. परंतु ज्या मार्च महिन्यांत थाळ्या वाजल्या त्याच महिन्यांत कित्येक शहरांतून घरमालकांनीं परिचारिकांस व वैद्यांस खोल्या सोडावयास सांगितलें. त्यांच्यावर हात टाकण्याचे प्रकार इतके वाढले कीं, २२ एप्रिल २०२० रोजीं सरकारास वटहुकूम काढून, मुंबईच्या प्लेगच्या काळीं केलेला १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा दुरुस्त करावा लागला, व अशा हल्ल्यास पांच वर्षांपर्यंत, आणि जबर दुखापतीस सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवावी लागली. एका हातानें फूल आणि दुसऱ्या हातानें धोंडा, असा हा आमचा गौरव ! यांत मनुष्याचें मन गोंधळून न जाईल तरच नवल.

आतां आमची चूक सांगतों. २०२१ च्या पावसाळ्याच्या तोंडीं, दुसरी लाट ओसरल्यावर, आमची एक जुनी विद्यार्थिनी आम्हांस भेटावयास आली. तिच्या अनुमतीनें, पण तिचें नांवगांव न देतां, ही हकीकत लिहीत आहों. ती एका लहान दवाखान्यांत परिचारिका होती. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. नंतर ती म्हणाली, "सर, मला झोप येत नाहीं." आम्हीं कारण विचारिलें. ती सांगूं लागली. एप्रिलमधील एका दुपारीं एक वृद्ध गृहस्थ मुलाच्या खांद्यावर हात टाकून आले. ऑक्सिमीटरवर ७२ चा आंकडा आला. दवाखान्यांतील एकुलतें एक प्राणवायूचें नळकांडें दुसऱ्या रोग्यास लावलेलें होतें. तिनें चिठ्ठी लिहिली, गाडी मिळवून दिली. निघतांना मुलानें विचारिलें, "सिस्टर, तिथें जागा मिळेल ना ?" तिनें उत्तर दिलें, "मिळेल." तिला ठाऊक होतें कीं मिळणार नाहीं; सकाळपासून तिनें चार ठिकाणीं फोन केले होते. ते गृहस्थ वाटेंतच गेले.

"सर, मीं त्यांना 'मिळेल' म्हणून सांगितलें," एवढेंच ती दोनदां म्हणाली.

आणि आम्ही काय म्हणालों ? आम्ही म्हणालों, "मुली, तूं फार मोठी सेवा केली आहेस. आमच्या शाळेस तुझा अभिमान आहे. धीर धर, प्रार्थना कर, सर्व ठीक होईल." इतकें सांगून आम्हीं तिला शाळेच्या स्नेहसंमेलनांत चार शब्द बोलावयास येण्याचें निमंत्रणहि दिलें ! ती हंसली, उठली, नमस्कार करून गेली. पुढें चार महिन्यांनीं आमच्या कानीं आलें कीं तिनें ती नोकरी सोडली, आणि ती आतां एका कापडाच्या दुकानांत हिशेब लिहिते. त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें कीं ती मुलगी आमच्याकडे शाबासकी घ्यावयास आली नव्हती. ती ऐकून घेणारा मनुष्य शोधीत आली होती. आणि आम्हीं तिला व्याख्यान दिलें.

या दुखण्याचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे. यांत दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे शीण. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं अशा शिणाची लक्षणें सांगितलीं: शक्ति संपून जाणें, कामाविषयीं मन उडणें किंवा कडवट होणें, आणि आपल्या हातून कांहीं धड होत नाहीं असें वाटणें. तिनें हेंहि स्पष्ट केलें कीं, हा त्या मनुष्याचा आजार नव्हे. नोकरीच्या ठिकाणचा ताण नीट न आवरल्यामुळें उद्भवणारी ही अवस्था आहे. म्हणजे दोष दिव्याचा नसून तेल न घालणाराचा आहे. दुसरी गोष्ट याहून खोल. योग्य काय हें ठाऊक असून तें करतां न आल्यामुळें मनास जी जखम होते, तिच्याकडे अँड्र्यू जेमटन या अमेरिकन तत्त्वचिंतकानें परिचारिकांच्या नीतिप्रश्नांवरील १९८४ च्या आपल्या ग्रंथांत लक्ष वेधलें. आमच्या विद्यार्थिनीस शीण होताच. परंतु तिची झोप उडाली ती या दुसऱ्या जखमेमुळें. शीण विश्रांतीनें जातो. ही जखम नुसत्या रजेनें भरत नाहीं.

ही एकट्या दुकट्या मुलीची गोष्ट आहे असें कोणास वाटेल. साथीच्या आरंभींच, २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारींत, चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ वैद्य व परिचारिकांची पाहणी झाली. त्यांत शेंकडा ५० जणांत खिन्नतेचीं, ४४ हून अधिकांत चिंतेचीं, आणि ३४ जणांत अनिद्रेचीं लक्षणें आढळलीं. व परिचारिकांत, स्त्रियांत आणि प्रत्यक्ष रोग्यांपाशीं काम करणारांत त्यांची तीव्रता अधिक होती. जानेवारी २०२० ते मे २०२१ या अवधींत जगांत ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक या रोगानें गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जे गेले त्यांची गणना निदान अंदाजानें झाली. जे राहिले, पण मनानें मोडले, त्यांची गणना कोण करणार ?

येथें दोन आक्षेप येतात, व दोन्ही आमच्याच मंडळींकडून येतात. म्हणून त्यांस उत्तर देणें अवश्य आहे. पहिला आक्षेप असा कीं, पूर्वींच्या स्त्रियांनीं हें सर्व निमूटपणें सोसलें, मग आजच्यांनींच तक्रार कां करावी ? सावित्रीबाई फुले पुण्याच्या प्लेगांत रोग्यांची सेवा करीत असतां त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. त्यांच्यापुढें आमचें मस्तक नम्र होतें. परंतु त्यांचें मरण ही आमची शोभा नव्हे. तें आम्हांवरील ऋण आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचें दिवा घेतलेलें चित्र आम्ही सर्वांनीं पुस्तकांत पाहिलें आहे. ती १८५४ सालीं ३८ परिचारिका घेऊन स्कुटारीस गेली हेंहि आम्ही पाठ करून घेतों. परंतु युद्धावरून परतल्यावर, १८५७ पासून पुढें कित्येक वर्षें तिचा पुष्कळ काळ अंथरुणावर गेला, हें आम्ही मुलांस सांगत नाहीं. आमच्या चित्रांत दिवा आहे, अंथरूण नाहीं. पूर्वींच्या स्त्रियांनीं निमूटपणें सोसलें असें आपण म्हणतों, त्याचा अर्थ पुष्कळदां इतकाच असतो कीं त्यांचें कोणीं ऐकून घेतलें नाहीं.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. आपल्या प्रांतांत मिरजेस डॉ. वान्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उभारलें. तशींच अनेक ठिकाणीं मिशनचीं रुग्णालयें झालीं, आणि परिचर्येचें शिक्षण घेणाऱ्या मुली आमच्या समाजांतून प्रथम मोठ्या संख्येनें निघाल्या. ही आम्हांस भूषणाची गोष्ट आहे. परंतु तिच्याबरोबर एक संवयहि आम्हांस लागली. सेवा करणारणीनें थकूं नये, थकली तर तिची श्रद्धा उणी, असें आम्ही न बोलतां सुचवीत आलों. आमच्या या संवयीस पवित्र शास्त्रांत आधार नाहीं. एलीया हा केवढा संदेष्टा ! तो जिवाच्या भीतीनें रानांत पळाला, एका झुडपाखालीं बसला, आणि आतां पुरे, मरण येऊं दे, असें मागूं लागला. त्यास देवदूत भेटला तो उपदेश घेऊन नव्हे. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची चंबू घेऊन. एलीया जेवला आणि पुन्हां निजला. देवदूतानें त्यास निजूं दिलें, व दुसऱ्यांदां जेवावयास उठविलें. पुढें होरेब डोंगरावर त्यास प्रश्न विचारण्यांत आला, आणि त्याचें गाऱ्हाणें पूर्णपणें ऐकून घेण्यांत आलें, तेंहि दोनदां. आधीं भाकर, मग झोंप, मग ऐकणें, आणि सर्वांच्या शेवटीं पुढील काम, असा हा क्रम आहे. आम्हीं आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतींत तो अगदीं उलटा केला.

वर्तमानपत्रांनीं परिचारिकांस 'देवदूत' म्हटलें. या पदवीविषयींहि आमचें मत निराळें आहे. देवदूतास भूक लागत नाहीं, त्यास घरभाडें भरावें लागत नाहीं, त्याचें मूल आजीपाशीं रडत नाहीं. ज्यास आपण देवदूत म्हणतों त्याचा पगार वेळेवर झाला कीं नाहीं हें पाहण्याची आपणांस गरज वाटत नाहीं. स्तुति ही पुष्कळदां देणें चुकविण्याची सभ्य रीत असते. परिचारिका मनुष्य आहे, एवढें आपण म्हटलें तरी तिचा अधिक मान होईल.

मग करावें काय ? मोठ्या योजना आंखणें हें शिक्षकाचें काम नव्हे; तथापि जें ढळढळीत दिसतें तें सांगणें प्राप्त आहे. पहिली गोष्ट माणसांची. २०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत जगांत २ कोटि ७९ लक्ष परिचारिका असून आणखी ५९ लक्षांची उणीव असल्याचें म्हटलें होतें. दोघींचें काम एकीनें केलें तर तिला कोणताहि मानसवैद्य फार दिवस तारूं शकणार नाहीं. पुरेशा नेमणुका, आणि जेथें वर्षावर्षाच्या करारावर काम चालतें तेथें कायमची नोकरी, हेंच मानसिक आरोग्याचें पहिलें औषध आहे. दुसरी गोष्ट सोबतीची. लहान दवाखान्यांतील परिचारिकेस साथीच्या काळांत एकटें ठेवूं नये. दोन गांवांच्या दोघींची तरी जोडी असावी, आणि दिवसाकांठीं दोघींनीं एकमेकींस फोन करावा. तिसरी गोष्ट गुप्ततेची. 'हिचें डोकें फिरलें आहे' असा शेरा पडेल या भयानें पुष्कळजणी वैद्याकडे जात नाहींत. सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनीची सेवा चालविली आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, कोणासहि बोलतां येतें. हा क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर, रोग्यांसाठीं लावतात तसा परिचारिकांच्या खोलींतहि लावलेला असावा. आणि कोणी जिवावर उदार होण्याची भाषा बोलूं लागली, तर तिला एकटी सोडूं नये. त्याच घटकेस वैद्याकडे न्यावें.

चौथी गोष्ट आपणां सर्वांची, आणि तिला पैसाहि लागत नाहीं. तुमच्या आळींत, तुमच्या नात्यांत परिचारिका असेल. तिला बळेंच बोलती करूं नका. संकट सोसलेल्यास त्याची हकीकत सांगावयास भाग पाडणें हें हिताचें नसतें. पण ती बोलूं लागली, तर मधें बोलूं नका. तुमच्या आत्याचा अनुभव सांगूं नका. 'सर्व ठीक होईल' असें म्हणूं नका. ऐका.

पुढल्या वर्षींच्या नाताळच्या सुटींत आम्ही त्या विद्यार्थिनीच्या घरीं गेलों, आणि आमची चूक कबूल करून तिची क्षमा मागितली. ती प्रथम संकोचली. मग बोलूं लागली, आणि दोन तास बोलली. आम्हीं एकहि उपदेश केला नाहीं. आमच्यासारख्या शिक्षकास ही साधी गोष्ट नव्हे, हें आमचे विद्यार्थी जाणतातच! ती परिचर्येकडे परतलेली नाहीं, व तिनें परतावें असेंहि आम्हीं म्हटलें नाहीं. निघतांना ती एवढेंच म्हणाली, "सर, आतां झोप लागते मला." त्या 'मिळेल'चें तिला अजून वाईट वाटतें, परंतु मरणाच्या दारीं उभ्या असलेल्या मनुष्यास तिनें तो शब्द दिला, तो निर्दयपणानें नव्हे, हें आतां तिला समजलें आहे.

यंदा बारावी उत्तीर्ण झालेली आमची दुसरी एक विद्यार्थिनी वर्तनाचा दाखला मागावयास आली. तिला परिचर्येच्या शिक्षणास जावयाचें आहे. लेखणी हातीं घेतली, आणि क्षणभर ती थांबली. या मुलीस आम्ही कोठें पाठवीत आहों ? दाखला आम्हीं दिला, व आनंदानें दिला. कारण हें काम थोर आहे, आणि पुढली साथ केव्हां येईल तें कोणीं सांगावें? परंतु दाखल्यांत 'सहनशील' हा शब्द आमच्या लेखणीवर आला होता, तो आम्हीं लिहिला नाहीं. त्याऐवजीं 'लक्षपूर्वक ऐकणारी' असें लिहिलें. आणि तिला सांगितलें कीं, "मुली, दुसऱ्यांचें ऐकशील तशीच आपलें सांगावयासहि शीक. थकलीस तर थकलें म्हण. आणि या शाळेचें दार तुला उघडें आहे. येथें तुला चहा मिळेल, आणि व्याख्यान मिळणार नाहीं."

जी सर्वांचें ऐकते तिचें ऐकावयास कोणी तरी असावें. आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें एका परिचारिकेपुरतें जरी हें केलें, तरी 'शुश्रूषा' या शब्दाचा अर्थ आम्हांस वर्गांत पुनः पुनः फोडून सांगावा लागणार नाहीं.